कर्णिककाकांचं मासळीमीटर

आमच्या सोसायटीतले कर्णिककाका मासळी आणायला निघाले की एका हातात पिशवी असायची आणि दुसऱ्या हातात मीटर!

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वाशीत निम्म्या इमारती अजून रिकाम्याच होत्या. काका एका मेडिकल कॉलेजात यंत्रं दुरुस्त करून रिटायर झालेले, घरात एकटेच. साबणाच्या डबीत बॅटरी, काटा आणि दोन पिना बसवून त्यांनी हे मीटर घरीच बनवलं होतं.

"मेल्याबरोबर शरीर संपत नाही हो!" जिन्यातच मला गाठून ते सांगायचे. "पेशींचे पडदे बराच वेळ विजेला अडवून धरतात. मग हळूहळू फाटतात, आतलं खारं पाणी बाहेर येतं आणि वीज सुसाट! मासा जितका शिळा, तितका काटा पुढे. मोजल्याशिवाय मानायचं नाही!"

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर बाजारात गेलो. वाशीगावच्या हिराबाय कोळणीने त्यांच्यासमोर दोन पापलेटं आपटली.

"आजचा कंचा नि कालचा कंचा, सांग बाबा. चुकलास तं तुजा डबा खाडीन फेकीन!"

हां हां म्हणता गर्दी जमली. काकांनी पहिल्या माशाला पिना टोचल्या. काटा जेमतेम हलला. दुसऱ्याला टोचल्या मात्र, काटा थेट टोकाला!

"हा कालचा!" काका जागच्या जागी उडालेच. हिराबायने कपाळावर हात मारला, लोकांनी टाळ्या पिटल्या. मग काय, "आमचा पण बघा, आमचा पण बघा!" काकांनी हिराबायची अख्खी पाटी तपासून काढली.

ताजी मासळी तासाभरात संपली. कालची, बर्फातली, तशीच पडून राहिली. गर्दी पांगल्यावर हिराबाय मटकन खाली बसली.

"तुजा खेल झाला. आता ही कोन घेनार?"

काकांचा चेहरा उतरला. "मी," ते म्हणाले आणि पिशवी पुढे केली.

त्यानंतर त्यांच्या हातात मीटर दिसलं नाही. उलट रोज संध्याकाळी, हिराबाय पाटी उचलायच्या वेळेला, उरलेली मासळी घेताना ते दिसायचे. एकदा मी न राहवून विचारलं, "काका, मीटर कुठाय?"

"बिघडलंय."

"तुमच्याकडून दुरुस्त होत नाही?"

काका हसले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"जेवलास का, म्हणून विचारते हो ती," ते म्हणाले. "रोज."