सौजन्याचा वर्ग आणि कोरडा नळ

चूक एवढीच झाली, की सौजन्य प्रशिक्षणाच्या यादीत मी चावीमामांनाही घातलं. मामा म्हणजे आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातले, रोज सकाळी चाव्या फिरवून गावाला पाणी सोडणारे. साहेबांना पूर्ण हजेरी हवी होती आणि एक डोकं कमी पडत होतं. (माझं धरून. घरी ते धरत नाहीत.)

नेमकी त्याच दिवशी बायकोची एका शिकवणीवर्गात मुलाखत होती. मुलं मोठी झाल्यावर ती पुन्हा नोकरीला निघाली होती आणि मला तिचं मनापासून कौतुक वाटत होतं.

"अहो, पाणी येईल ना वेळेवर? केस धुवायचेत."

"अगं, पाणीखात्याची बायको तू! बादलीतलं पाणी घेऊन खुशाल सुरुवात कर," म्हणून मी ऐटीत निघालो.

वर्गात प्रशिक्षकबाईंनी सगळ्यांचे फोन बंद करायला लावले. "नागरिक कितीही भडकला तरी आपण शांत राहायचं. आधी त्याची तक्रार त्यालाच परत सांगायची." मामा मागच्या रांगेत डुलक्या काढत होते. मग प्रात्यक्षिक ठरलं. मला कर्मचारी केलं. नागरिक कुणाला करावं, याचा बाई विचार करत होत्या.

तेवढ्यात दार उघडलं. डोक्याला टॉवेल, कानामागे फेस. बायको!

"पाणी कुठाय?"

"वा, काय तयारीनं आलात!" बाई खूश. "हं कर्मचारी, बोला."

मी शिकवलेलं सुरू केलं. "आपली तक्रार अशी, की नळाला पाणी नाही..."

"हे मलाच सांगताय? ऑफिसात गेले तर तिथे चिटपाखरू नाही. सगळे इथे सेवा शिकताय, मग सेवा करतंय कोण?"

मामा दचकून जागे झाले आणि चप्पल घालायलाही न थांबता पळाले.

"आपल्या भावना मी समजू शकतो..."

"कधीपासून?"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनीसुद्धा.

मुलाखत अर्थातच हुकली. मला फार वाईट वाटलं. पण ती कोण आणि तिची कसली मुलाखत हुकली हे कळल्यावर प्रशिक्षकबाईंनी साहेबांकडे हट्टच धरला, आणि पुढच्या वर्गांसाठी प्रशिक्षक म्हणून बायकोचीच नेमणूक झाली. लग्न झाल्यापासून घरात जे ऐकत आलो, ते मी आता ऑफिसात हजेरीची सही करून ऐकतो.

परवा तिने परीक्षा घेतली. मामांसकट सगळे पास झाले. मी नापास. घरी शिकवणी लावलीय.