पितळेत श्वास भरल्याची हकीकत

श्रोते सुज्ञ आहेत आणि त्यांचे कान शाबूत आहेत हे जाणोन ही हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. पदरचे अक्षर घातले नाही, घातले असल्यास शोभेपुरते. तरी सावधपणे ऐकावी.

चष्म्याच्या दुकानी भिंगे घासोन पोट भरणारे एक गृहस्थ होते. घरात वडीलधारे त्यांस जावईबापू म्हणत, सबब येथेही तेच नाव चालविले आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची चाकरी करावी आणि संध्याकाळी मागील खोलीत, जेथे इस्त्रीचे टेबल व ओले कपडे यांचा कायम तळ असे, तेथे संगणकापुढे बैसोन संगीत रचावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. संगणकातील व्हायोलिने शरण आली होती, ड्रम मांडलिक जाहले होते, बासरी तर न लढताच तहास आली. परंतु पितळी वाद्यांचा मुलूख काही केल्या हाती येईना. ट्रंपेट म्हणोन कळ दाबावी आणि कुकरची शिट्टी निघावी, ऐसी बेअब्रू नित्य होत असे.

मोहिमेस कारण ऐसे जाहले. सासरेबुवा लेकीकडेच मुक्कामास होते. त्यांनी चाळीस वर्षे सर्कशीच्या बँडात ट्रंपेट वाजविला आणि हत्तींच्या प्रवेशाकरिता आठ वाद्यांची एक चाल स्वहस्ते बांधिली. ती वाजण्याआधीच सर्कशीचा तंबू कायमचा उतरला, बँडवाले दाही दिशांस पांगले, आणि मग कालांतरे सासरेबुवांचे दातही एकामागोमाग एक चाकरी सोडोन गेले. कवळी आली, परंतु कवळीवर ओठ ठरेना आणि ओठ ठरल्याविना ट्रंपेट बोलेना. अकरा वर्षे वाद्य कपाटावर पडोन होते, आणि सासरेबुवा त्याविषयी चकार शब्द काढीत नसत.

त्यांची पंचाहत्तरी जवळ आली, तेव्हा त्यांच्या कन्येने, म्हणजे जावईबापूंच्या खाशा कुटुंबाने, फर्मान काढिले की, बाबांची चाल वाढदिवशी पुऱ्या बँडानिशी वाजली पाहिजे, मुदत चार आठवडे, कोणतीही सबब ऐकिली जाणार नाही.

जावईबापूंनी चालीचा जीर्ण कागद ताब्यात घेतला आणि पहिला हल्ला फुकट मिळणाऱ्या आवाजांनिशी केला. आठही वाद्ये एकदम सोडिली, तो स्वयंपाकघरातून विचारणा आली, "अहो, बाहेर कोणी ट्रक मागे घेतंय का बघा ना! केव्हाचा भोंगा वाजतोय."

पहिली शिकस्त ती अशी. मग दुसरी तजवीज केली. खऱ्या वादकांकडोन एकेक सूर वाजवोन भरलेला प्रचंड संग्रह संगणकात उतरविण्याचे ठरले. जागा पुरेना, म्हणोन मेहुणीच्या लग्नाचे फोटो तडीपार केले. ही बातमी फुटली आणि घरातच बंड उभे राहिले. फोटो सन्मानपूर्वक परत आणोन संग्रहास निराळी जागा करीपर्यंत तीन संध्याकाळी खर्ची पडल्या.

तिसऱ्या खेपेस जावईबापू इरेस पेटले. एकेक सूर हाताने लहानमोठा केला, एकेक वादक किंचित मागेपुढे सरकविला, पाठ भरोन आली तरी खुर्ची सोडिली नाही, आणि बारा दिवसांनी ऐसा आवाज निघाला की स्वतःचेच डोळे पाणावले. नेमके त्याच क्षणी सासरेबुवा वाळलेला टॉवेल न्यावयास आत आले. ऐकोन उभे राहिले.

"जावईबापू, किती माणसं आहेत ही?"

"आठ, बाबा."

"आठही मेलेली दिसतात. कोणी श्वासच घेत नाही."

आणि टॉवेल घेवोन निघोन गेले. हा घाव वर्मी बसला. जावईबापूंनी दोन दिवस संगणकाचे तोंड पाहिले नाही, दुकानी एका गिऱ्हाइकाचे डावे भिंग उजवीकडे बसविले, आणि जेवताना मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र नवी कुमक मागविली. नखाएवढे तोंड असलेली एक नळी, जीत फुंकर मारावी आणि फुंकरीच्या जोराप्रमाणे संगणकातील सूर फुगावा वा विरावा. जावईबापूंनी फुंकिले. चहा निववितात तैसा आवाज आला. पुनः फुंकिले, तो डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि इस्त्रीच्या टेबलाचा आधार घ्यावा लागला. सासरेबुवा दारात उभे राहोन हा तमाशा पाहत होते.

"यात दात लागतात का हो?"

"नाही बाबा. ओठसुद्धा नाही लागत. नुसती फुंकर."

सासरेबुवा आत आले. मग कवळी काढोन रुमालात बांधिली, खुर्चीत ताठ बैसले, नळी तोंडी धरिली आणि जावईबापूंस कळा दाबण्याची खूण केली.

सूर निघाला. आधी पोटात घेतलेला श्वास ऐकू आला, मग सुराची कड किंचित चिरली, मग तो भरोन उभा राहिला. कन्या ओल्या हातांनी धावत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. जावईबापूंचे लक्ष कळांवर नव्हते, सबब दोन सूर चुकले, ते कोणी मनावर घेतले नाही.

मग आठ दिवस आठ वाद्ये. सासरेबुवा एकटेच आठांच्या जागी बैसले, आणि प्रत्येकाचा श्वास निराळा घेतला. जुन्या बँडातील ट्रॉम्बोनवाल्यास दमा होता, तो मध्येच तुटे. दुसरा ट्रंपेटवाला उतावळा, तो दर वेळी जरासा आधी घुसे. जावईबापूंनी तो सूर माऊसने धरोन जागेवर सरकविण्याचा मनसुबा केला, तो मनगटावर चापट बसली.

"हात नका लावू. तो तसाच यायचा."

येणेप्रमाणे वाढदिवशी आयतवारी चाल आठही वाद्यांनिशी वाजली. सासरेबुवांनी ती डोळे मिटोन ऐकिली, आणि संपल्यावर बँडातील आपल्या सात सोबत्यांची नावे ओळीने घेतली. कन्येने तोंड फिरविले. जावईबापूंनी चष्मा पुसला, तो स्वच्छच होता.

फत्तेची नोंद करावी ती ऐसी: पितळी मुलूख पुरता सर जाहला, उतावळ्या ट्रंपेटासह दाखल दफ्तर केला. मागील खोली, खुर्ची व नळी सासरेबुवांच्या अमलाखाली गेली. जावईबापू कळा उशिरा दाबतात, सबब त्यांस त्या कामावरोन दूर केले असोन, इस्त्रीचे टेबल त्यांचेकडे कायम ठेविले आहे.