चक्रीफुलाची खूण

"बाई, तुम्ही रोज अमृताच्याच डब्यातलं का खाता?"

खरं तर हा प्रश्न लायबाचा नव्हता. पिंकी आणि तिच्या टोळीने पैज लावली होती, की हे विचारायची हिच्यात धमक नाही. यंदा नववीत आल्यापासून लायबाला नवीनच वाचा फुटली होती, त्यामुळे तिच्यासमोर धमक वगैरे शब्द काढायची सोय राहिली नव्हती. तिने उभं राहून विचारलं. विचारल्यावर टोळीकडे पाहिलं, तर सगळ्याजणी दप्तरात काहीतरी शोधत होत्या.

सारिकाबाईंनी हातातला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "कारण अमृता रोज विचारते, बाई घेता का म्हणून. तुझी तर घरची बेकरी आहे. जूनपासून मला साधी खारी तरी विचारलीस का?"

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने हसली पिंकी, आणि तेही अमृताच्या बाकावरून.

दुखणं तिथेच होतं. पहिलीपासून पिंकीचं दप्तर लायबाच्या दप्तराला टेकून असायचं. दिवाळीनंतर ही अमृता लोणावळ्याहून वडगावच्या शाळेत आली, काचेचा डबा घेऊन. तिची आई भुशीच्या बाजूला एका बंगल्यावर पाहुण्यांचा नाश्ता करायची, त्यामुळे त्यांच्या घरी सकाळी पोहे नाहीत, बेक्ड ओट्स. दुधात भिजवलेले ओट्स, सफरचंद, अंजीर, दालचिनी, सगळं भाजून त्याच्या चौकोनी वड्या, आणि वर मधोमध एक चक्रीफूल, निव्वळ शोभेला. डिसेंबरच्या गारठ्यात तो डबा उघडला की शेवटच्या बाकापर्यंत वास जायचा. तिसऱ्या दिवशी पिंकीने दप्तर उचललं. "थंडीत जरा गरम वाटतं गं तिकडं," म्हणाली, जसा काही लायबाच्या बाकावर बर्फ पडत होता.

"उद्या मी आणते," वर्गाचं हसू थांबायच्या आत लायबा म्हणाली. "बेक्ड ओट्सच. हिच्यापेक्षा भारी."

"आणलेस तर मी परत तुझ्या बाकावर," पिंकी म्हणाली.

घरी तिने ओट्स म्हणताच अब्बांनी, म्हणजे बेकरीवाल्या सरदारभाईंनी, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्यांच्या हिशेबी ओट्स दवाखान्यातून सुटून आलेला माणूस खातो. आपल्या खारीत काय वाईट आहे, हे त्यांनी तीनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा जरा दुखावलेल्या आवाजात विचारलं. पण लायबा ऐकण्यापलीकडे गेली होती. तिने अम्मीच्या डब्यांवर धाड घातली. दुकानातून आणलेले ओट्स दुधात भिजवले, केळी कुस्करली, सफरचंद चिरलं, अंजीर भिजवले, गूळ, दालचिनी, जायफळ, जे अमृताच्या डब्यात असायचं ते दुप्पट घातलं. शेवटी ट्रेच्या मधोमध एक चक्रीफूल खोचलं. अमृताचं पाच पाकळ्यांचं होतं, हिने आठ पाकळ्यांचं निवडून घेतलं.

आता सरदारभाईंच्या भट्टीचा एक जुना रिवाज होता. लग्नसराईला गावोगावची माणसं आपापलं सामान घेऊन नानकटाई भाजायला येतात. नावाची चिठ्ठी लावावी तर ती आगीत जळून जाते. म्हणून प्रत्येकाच्या ट्रेला अख्ख्या मसाल्याची एक खूण. कुणाची लवंग, कुणाचा वेलदोडा, कुणाचा दालचिनीचा तुकडा. भट्टी सांभाळणाऱ्या केरबांच्या डोक्यात हे सगळं पक्कं. ट्रेमध्ये काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. "माल गिऱ्हाइकाचा, आपुन खूण बघायची," हे ते अभिमानाने सांगायचे.

भट्टीवाल्याच्या मुलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोर फक्त अमृताचा डबा होता. पाव निघाल्यावर उरलेल्या मंद आचेवर तिने आपला ट्रे सरकवला आणि केरबांना बजावलं, "आबा, मधे चक्रीफूल आहे तो माझा."

"व्हय," केरबा म्हणाले. त्यांचं लक्ष खोऱ्याकडे होतं.

सकाळी तिला ट्रे मिळाला तो कागदात गुंडाळून, सुतळी बांधून. शाळेत उघडला तर खरपूस, तपकिरी, मधोमध चक्रीफूल. वड्या पाडल्या, बाईंना पहिली दिली. बाईंनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"अगं, हे काय आहे? घसा मोकळा झाला माझा."

त्यांनी दुसरी वडी मागितली. हे अमृताच्या डब्याच्या नशिबी कधी आलं नव्हतं. पिंकीने तीन खाल्ल्या आणि चौथी तोंडात धरूनच आपलं दप्तर जुन्या बाकावर आणून टाकलं. लायबाने स्वतः चाखलं तेव्हा मात्र ती जराशी थबकली. केळं लागेना. सफरचंदही नाही. उलट सुंठ नाकात गेली, आणि ओवा. ओवा तर तिने घातलाच नव्हता. अब्बांनी गुपचूप हात फिरवला असणार, हे तिने ताडलं. तिला थोडा रागही आला. पण कौतुक चालू असताना मध्येच थांबवणं काही तिच्या स्वभावात नव्हतं.

मग अमृता आली. हळूच म्हणाली, "मला शिकवशील का गं?"

"बघू," लायबा म्हणाली. त्या दिवसातली सगळ्यात गोड वस्तू हा शब्दच होता.

संध्याकाळी ती तरंगतच बेकरीत शिरली. गल्ल्यावर अब्बा, पाव मोजणारी अम्मी, भट्टीपाशी केरबा, आणि समोर उर्से गावच्या झुंबरबाई, रिकामा ट्रे काखेत मारून.

"सरदारभाऊ, औंदा काय घातलंत त्यात?" झुंबरबाई विचारत होत्या. "माझी मैना व्याल्यापासून तीन दिस तोंड लावीत नव्हती कशाला. आज पाटी चाटून पुसून साफ केली, आन सकाळधरनं आनखीसाठी रेकतीया. त्यात केळं व्हतं. अंजीर व्हतं. आमी कवा म्हशीला अंजीर घातलं?"

लायबाचे पाय जमिनीला लागले.

"मावशी," तिने विचारलं, "तुमच्या ट्रेमध्ये काय होतं?"

"बाजरीची भरड, गूळ, सुंठ, ओवा, हाळीव. दर थंडीला भाजून नेती की मी. व्यालेल्या म्हशीची कंबर धरती गारठ्यानं." त्यांनी केरबांकडे बोट केलं. "माझी खूण ह्यास्नी म्हायती हाय. चक्रीफूल. धा वर्सं झाली."

केरबा छताकडे बघत म्हणाले, "दोन फुलं निघाली. मावशी पयली आली, तिला एक दिलं. ऱ्हायलं ते पोरीचं. खूण बराबर व्हती."

लायबाने खाली बसून घेतलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी दोन वड्या घेतल्या, घसा मोकळा झाला म्हणाल्या, पिंकीने चार खाल्ल्या. अम्मीने पदर तोंडाला लावला. झुंबरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काळजीने विचारलं, "ती पोरगी चार खाऊन बरी हाय ना? मैनाला येका वक्ताला दोनच देती मी."

जाताना त्या उद्यासाठी अंजिराचा एक ट्रे सांगूनच गेल्या. मग सरदारभाई गंभीर झाले. बाईंना खरं सांगावं लागेल, म्हणाले. मैत्रिणींनाही. खरं सांगितलं की पिंकीचं दप्तर पुन्हा उठणार, हे लायबाला दिसत होतं. पण दुसरंही एक दिसत होतं. तिने आयुष्यात पहिल्यांदा केलेला पदार्थ कुणीतरी पाटी चाटून संपवला होता, आणि त्या कुणीतरीला तिची, बाईंची किंवा अमृताची कसलीच भीड नव्हती.

ती उठली आणि फ्रॉक झटकला.

"अब्बा, अम्मी, मी ठरवलंय. उद्या वर्गात सगळं खरं सांगणार. आणि रविवारी अमृताला घेऊन उर्शाला झुंबरमावशीच्या गोठ्यावर जाणार. एका पाटीत तिचे ओट्स, दुसऱ्या पाटीत माझे. पिंकीने कुठं बसायचं, ते मैना ठरवेल."