नळासमोरून थेट

माणसाची प्रगती त्याला किती लांबचे दिसते यावरून मोजतात. जवळचे दिसलेच पाहिजे, अशी अट अजून कुठल्याही देशाने घातलेली नाही. या मापाने सोलापुरातली आमची गल्ली चांगलीच पुढारलेली आहे, कारण आमच्या गल्लीतला विरेश एका परदेशी वाहिनीत थेट प्रक्षेपणाच्या नोकरीला आहे. (नोकरी तेव्हा तात्पुरती होती. ते पुढे येईलच.)

या क्षेत्रात नशीब काढू इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. वाहिनीच्या गाडीवर एक मोठी छत्री असते. ती ऊनपावसासाठी नसून आकाशातल्या उपग्रहासाठी असते, त्यामुळे तिच्याखाली उभे राहणाऱ्याला दोन्ही लागते. विरेशने कानात बटण घालून कॅमेऱ्यापुढे उभे राहायचे. लांबच्या स्टुडिओतली बाई प्रश्न विचारते. तो प्रश्न उपग्रहापर्यंत चढून सोलापुरात उतरेपर्यंत जरा वेळ जातो. तेवढ्या वेळात एक हात कानाशी नेऊन, कपाळाला बारीक आठी घालून, सावकाश मान हलवायची. प्रश्न अजून ऐकू आलेला नसतो, पण तो समजलेला दिसला पाहिजे. उत्तर अडचणीचे असेल तर "आवाज तुटतोय" म्हणायची मुभा आहे. या धंद्यातले कौशल्य ते एवढेच, आणि ते बऱ्याच जणांना नोकरी न लागताही येते.

गल्लीने ही विद्या झटकन उचलली. वर्गणीवाले दारात आले की पुरुष मंडळी हात कानाशी नेऊ लागली. निकाल विचारला की पोरे मान हलवू लागली. शेजारची मायाक्का तर सासूने हाक मारली तरी आठी घालायची. माझ्या पाहणीनुसार गल्लीतली भांडणे निम्म्यावर आली. (उरलेली निम्मी भांडणे ऐकू येणाऱ्यांची आहेत.)

विरेशची अडचण वेगळी होती. त्याला श्रीदेवीशी लग्न करायचे होते, आणि श्रीदेवीच्या वडिलांनी साफ सांगितले होते, "पोरगा लई चांगला हाय. पन कायम झाल्याबिगर पोरगी न्हाय." त्यातच अक्कलकोटहून तिला दुसरे स्थळ आले. विरेशला जेवण जाईना.

अशात वाहिनीने जगातल्या तहानलेल्या शहरांवर कार्यक्रम काढला. विरेशला सांगण्यात आले की, तुझ्याच शहरातून सात मिनिटे थेट दाखव, चांगले झाले तर तुला कायम करू. विरेशने घरचाच नळ निवडला. आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येते. त्यामुळे नळाला तोटी बसवायची चाल आमच्याकडे नाही, कारण बंद काय करायचे हा प्रश्नच असतो. पाळी प्रक्षेपणाच्या दुसऱ्या दिवशीची होती, म्हणजे प्रक्षेपणाच्या दिवशी नळ कोरडा राहणार याची सरकारी खात्री होती. नळाजवळ रिकामी घागर घेऊन विरेशची आई सुंदरम्मा उभी राहणार होती.

"अव्वा, तू फकस्त खरं सांग," विरेश म्हणाला.

"खरं सांगायला टीवी कशाला रे? मी रोजच सांगते की."

चूक एकच झाली. गल्लीत परदेशी छत्री उभी राहिल्याचे पाणी सोडणाऱ्या साहेबांच्या कानावर गेले. साहेब कर्तव्यदक्ष. आमचे कैक अर्ज त्यांनी शांतपणे सोसले होते, पण जगापुढे शहराची शोभा होणे त्यांना सोसवेना. 'विशेष बाब म्हणून, प्रक्षेपण चालू असेपर्यंत' आमच्या गल्लीला पाणी सोडण्याचा त्यांनी तोंडी हुकूम दिला.

ठरल्या वेळी उपग्रह लागला. (उपग्रह कधी पाचव्या दिवशी येत नाही.) स्टुडिओतल्या बाईने विचारले, शेवटचे पाणी कधी आले होते? विरेशने हात कानाशी नेला, आठी घातली आणि मान हलवायला घेतली. तेवढ्यात नळातून हवा सुटली. तो फुसफुसाट सोलापूरकराला गाढ झोपेतही ओळखू येतो. "नीरु बंतु," मायाक्का कानडीत ओरडली, म्हणजे पाणी आले. कॅमेऱ्यामागे तहानलेले चेहरे करून उभी असलेली सारी गल्ली भांडी उचलून आपापल्या नळाकडे धावली.

सुंदरम्माच्या घरातले पिंप आदल्या दिवशीच रिकामे झाले होते. तिने हातातल्या घागरीकडे पाहिले, मग पोराकडे. पोराचा चेहरा पांढरा पडला होता. ती एक पाऊल मागे सरली, पदराचा बोळा नळात कोंबला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. मला त्या वेळी भरून आले होते, हे इथे नमूद करतो. (मी तेव्हा घागर भरत होतो.)

विरेशने मग कमाल केली. मागून भांडी घेऊन पळणाऱ्या बायका हा महिलांचा हंडा मोर्चा असल्याचे त्याने जगाला सांगितले. सुंदरम्माच्या पायाशी साचू लागलेले पाणी म्हणजे घाम, सोलापूरचे ऊनच तसे आहे, असेही सांगितले. स्टुडिओतल्या बाईचे डोळे भरून आले. शेवटी तिने विचारले, या माउलीला जगाला काय सांगायचे आहे?

"लवकर आवरा म्हनावं," सुंदरम्मा म्हणाली.

जगाने तातडीने पावले उचलावीत, असे तिचे आवाहन असल्याचे विरेशने इंग्रजीत सांगितले. भाषांतर चोख होते.

सात मिनिटे संपली आणि पाणीही थांबले, कारण साहेब टीव्ही बघत होते. सुंदरम्माने बोळा ओढून काढला तेव्हा घागरीत जेमतेम फुलपात्रभर पाणी पडले.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे कल्याण झाले. इतका प्रामाणिक कोरडेपणा आजवर कुठेच दिसला नव्हता, असे कळवून वाहिनीने विरेशला कायम केले. श्रीदेवीच्या वडिलांनी पेढे वाटले. साहेबांनी जाहीर केले की, उद्याची पाळी आजच दिली असे समजावे. म्हणजे उद्या नळ कोरडा आणि पुढचे पाणी थेट त्यानंतरच्या पाळीला.

विरेश गाडीबरोबर दुसऱ्या राज्यातल्या एका पुराकडे निघाला होता. वाटेतून त्याने फोन केला. "अव्वा, जमलं बघ. कायम झालो."

"लई बरं झालं रे. आता कुनाला तरी सांगून घरात जरा पानी..."

"हॅलो, अव्वा? आवाज तुटतोय." (रेंज खरोखरच नव्हती, असे तो अजून सांगतो.)

मग सुंदरम्मा ओल्या पाठीनिशी घागर घेऊन मायाक्काच्या दारात गेली. आत भरलेली भांडी ओळीने मांडलेली दिसत होती. "दोन तांबे तरी दे की ग, मायाक्का."

मायाक्काने हात कानाशी नेला, कपाळाला बारीक आठी घातली आणि सावकाश मान हलवली. पुढच्या दारातही तेच झाले, त्याच्या पुढच्याही. चौथे दार माझे. माझीही मान इतकी बेताने हलली की विरेशने शाबासकी दिली असती.

वाचकहो, शेजाऱ्यांनी असे वागू नये, असे तुम्हाला वाटले असेल. रास्तच आहे. सुंदरम्माची घागर अजून रिकामी आहे, आमची गल्ली संपली आहे, आणि आता ती तुमच्या दाराशी येते आहे.

मान छान हलवलीत. आता हात तेवढा कानाशी न्या.