व्याही, व्होल्गा आणि उलटा वारा

व्याही-विहीणबाई दोघांना मखमली अंगरखे चढवून झाले, विहीणबाईंना रेशमी रुमाल बांधून झाला, दारात निरोपाच्या तीन फेऱ्या झाल्या, तरी ओमुरझाक काही 'हो' म्हणाला नाही. तलासहून बायकोला घेऊन तो बिश्केकला आला होता. तीन दिवस राहिला, मेंढीची मुंडी मानानं स्वीकारली, घर पाहिलं, मुलगा पाहिला. विषय निघाला की मात्र त्याचं एकच उत्तर, "घरी गेल्यावर चार वडीलधाऱ्यांसमोर बोलू." त्याच्या मुलीवर यजमान कालमुरातच्या मुलाचा, एरमेकचा असा जीव जडला होता की तीन दिवस तो नुसत्या चहावर होता. कालमुरात आणि ओमुरझाक एकमेकांना तोंडभरून व्याही म्हणत होते, पण व्याही होण्याचा पत्ता नव्हता.

पाहुण्यांना यजमानानं स्वतः घरपोच सोडायचं असतं. कालमुरातनं अंगणातून आपली व्होल्गा काढली. गाडी सहासष्ट सालची, वडिलांची, नाकावर धावतं हरीण. बाहेरून सगळं जसंच्या तसं. आत मात्र मूळ इंजिन काढून त्यानं मोडीत निघालेल्या एका जपानी व्हॅनचं इंजिन बसवलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंगणात आणि कुणालाही न विचारता. विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

"इंजिन बदललंय म्हणे?" पुढच्या सीटवर बसत ओमुरझाक म्हणाला. तलासच्या वाटेवरच्या घाटात त्यानं तीस वर्षं ट्रक हाकला होता.

"मीच बसवलं."

"तापत वगैरे नाही ना?"

"तापतंय कशाला! घाटातसुद्धा अगदी गार असतं."

मागे विहीणबाईंशेजारी बसलेल्या बुरुलला, म्हणजे कालमुरातच्या बायकोला, ठसका लागला. ते इंजिन सपाटीवर गुणी होतं आणि चढ दिसला की उकळायला लागायचं. कालमुरातनं तीन वर्षांत रेडिएटर चार वेळा धुतला होता, पाण्याचा पंप बदलला होता, नळ्या बदलल्या होत्या. शेवटी त्याला एक हमखास उपाय सापडला होता. चढ लागला की गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा. मग इंजिनाची उष्णता आत येते आणि तापमानाचा काटा थोडा खाली सरकतो. इंजिनाचा ताप माणसांवर काढायचा, एवढाच त्याचा अर्थ होता.

कारा-बाल्ता गाव मागे पडलं. तो-आशू घाटाचं पहिलं वळण आलं आणि काट्यानं मान वर काढली. जुलैचं ऊन, बाहेर दगडसुद्धा तापलेले. कालमुरातनं हळूच हात खाली नेला आणि हीटर सोडला.

"जरा ऊब करतो," तो म्हणाला. "घाटात एकदम गारठा पडतो."

"वा," ओमुरझाक म्हणाला. त्याच्या कपाळावर घामाचा पहिला थेंब आला होता. काच खाली करायला त्याचा हात गेला, तोच मागून विहीणबाई शाकेन कडाडल्या.

"काच लावा! मानेला वारा लागला तर महिनाभर अंथरुणात लोळायचं मी. मागच्या वर्षीचं विसरलात?"

काच लागली. आता उरले ते अंगरखे. कापूस भरलेले, टाचेपर्यंत लांब. ते काढा असं यजमानानं म्हणणं म्हणजे मानपान कळत नाही म्हणून नाव घालवणं. पाहुण्यानं आपण होऊन काढणं म्हणजे आहेर पसंत नाही असं तोंडावर सांगणं. त्यामुळे चौघेही बसल्या जागी शिजत होते आणि हवेबद्दल चांगलं बोलत होते.

"ऊब बरी वाटते," ओमुरझाक म्हणाला. घाम आता हनुवटीवरून टपकत होता.

"अजून वाढवू?"

"नको, नको. पुरे. छान आहे."

"विहीणबाई, तुम्हाला?" बुरुलनं विचारलं.

"मला काही होत नाहीये," शाकेन म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या झोपल्या की गेल्या हे बुरुलला कळेना. तिनं हळूच त्यांच्या नाकाजवळ बोट नेऊन पाहिलं.

"अहो," ती नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, "थांबवा गाडी. पोराचं लग्न ठरायच्या आधी सासरा वाफवून काढाल."

"थांबलो तर काय सांगू?" तोही पुटपुटला. "गाडी तापते म्हणून?"

"मग काय, पाहुणे तापलेत म्हणून सांगणार?"

गाडीबद्दल कालमुरात खोटं बोलला हे उघडं पडलं असतं तर मुलाबद्दल, घराबद्दल जे जे सांगितलं त्यातलं खरं किती, असा प्रश्न ओमुरझाकला पडलाच असता. ओमुरझाकच्या जागी कालमुरात असता तर त्यालाही पडला असता. एरमेकचं सुकलेलं तोंड त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्यानं दात आवळले आणि पुढचं वळण घेतलं.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात राहिली नव्हती. बुरुलनं माहेरच्या कुरणावरचं कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पाच लिटरच्या कॅनमध्ये भरून व्याह्यांसाठी दिलं होतं. झाकण घट्ट लावलं होतं, सांडू नये म्हणून. आणि कॅन ठेवला होता ओमुरझाकच्या पायांपाशी, हीटरच्या तोंडासमोर. आंबलेलं दूध ऊब लागली की फसफसतं, ते उन्हातसुद्धा ठेवायचं नसतं.

अकराव्या वळणावर धडाम् असा आवाज झाला. काचा, छत, अंगरखे, मिशा, सगळं पांढरं झालं. कालमुरातनं करकचून ब्रेक दाबला आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

"फुटलं!" तो ओरडला. "इंजिन फुटलं! मला ठाऊकच होतं, तीन वर्षं उकळतंय, आज ना उद्या फुटणारच होतं!"

इंजिन व्यवस्थित सुरू होतं. ओमुरझाकच्या मिशीवरून कुमिसचा एक थेंब अंगरख्यावर पडला.

"तीन वर्षं?" त्यानं विचारलं.

सगळे उतरले. कालमुरातनं बॉनेट उचललं, तर आतून ढगासारखी वाफ निघाली. लपवायला आता काहीच शिल्लक नव्हतं.

"इंजिन बंद करू नका," ओमुरझाक एवढंच म्हणाला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याचा चेहरा पाहायची कालमुरातची हिंमत होईना.

शाकेननी डोक्यावरचा भिजलेला रुमाल सोडला, पिळला आणि लवकर वाळावा म्हणून गाडीच्या पुढच्या जाळीवर पसरला. रुमाल क्षणभर जाळीवर राहिला, फुगला आणि भुर्रकन उडून उताराकडे गेला.

"माझा आहेराचा रुमाल!"

कालमुरात त्याच्यामागे धावला. रुमाल दगडावर टेकायचा, हा वाकायचा, रुमाल पुढे जायचा. गुडघे खरचटले, एका बुटाचा तळ सुटला. शेवटी एका काटेरी झुडपात तो सापडला. घेऊन धापा टाकत वर आला तेव्हा ओमुरझाक गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला होता आणि जाळीपुढे तळहात धरून होता.

"इकडे ये," तो म्हणाला. तीन दिवसांतलं अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. "हात धर इथे. काय लागतंय?"

"वारा."

"कुठून कुठे?"

"आतून... बाहेर."

"आणि पंख्यानं काय करायचं असतं?"

कालमुरातनं हातातला रुमाल उलटसुलट केला.

"बाहेरचा वारा आत ओढायचा असतो, मेल्या!" ओमुरझाक उभा राहिला. "तुझा पंखा उलटा फिरतोय! गाडी पुढे जाते, समोरून वारा आत येतो आणि हा पंखा त्याला बाहेर ढकलतो! वायरी उलट्या जोडल्यास! तीन वर्षं! कुणाला विचारायला तोंड नव्हतं? आणि मला म्हणे ऊब! पहिल्याच वळणावर कळलं मला, ही ऊब कसली आहे ती! उकडून मेलो असतो रे मी तुझ्या मानपानापायी!"

"मग बोलला का नाहीत?" बुरुलच्या तोंडून निसटलं.

ओमुरझाकनं अंगरखा काढून सीटवर फेकला, खिशातला चाकू काढला आणि पंख्याच्या दोन वायरी सोडवून इकडची तिकडे जोडल्या. शाकेननी रुमाल पुन्हा जाळीजवळ धरला, तसा तो जाळीला चापकन चिकटला. कुमिसमध्ये न्हालेली चौघंही माणसं रुमालाकडे बघत उभी राहिली.

काटा खाली येईपर्यंत थांबून त्यांनी ओढ्याच्या पाण्यानं रेडिएटर भरला.

"सरक," ओमुरझाक म्हणाला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला. घाटमाथ्यापर्यंत काटा हलला नाही. ओमुरझाक उतारावर गुणगुणत होता. कालमुरातला ते गुणगुणणं शिव्यांपेक्षा भयंकर वाटत होतं.

तलासला अंगणात वडीलधारी मंडळी जमली होती. ओमुरझाक आंबलेल्या वासासकट त्यांच्यासमोर उभा राहिला.

"तीन दिवस मी यांच्या घराची खोड शोधत होतो," तो म्हणाला. "सापडेना. सगळे इतकं गोड बोलायचे की मला धसकाच बसला, माझी पोर तिथे आजारी पडली तरी बोलायची चोरी! आज घाटात मी या माणसाला पोटभर शिव्या दिल्या. त्यानं ऐकून घेतल्या. आता मला भीती नाही. पण रीतीप्रमाणे माझं एक मागणं आहे."

मुलीच्या बापानं लग्न ठरवताना एक वस्तू मागायची आणि मुलाच्या बापानं नाही म्हणायचं नाही, अशी रीत. बहुतेक जण घोडा मागतात. कालमुरातनं मनात घोड्याची तयारीही केली होती.

"व्होल्गा द्या," ओमुरझाक म्हणाला.

कालमुरातनं गाडीकडे पाहिलं. वडिलांचा हात लागलेलं ते स्टिअरिंग, ते हरीण. तीन वर्षांत आज ती पहिल्यांदा न उकळता घाट चढली होती. त्याला खरोखर रडू आलं. मग त्यानं बुरुलकडे पाहिलं. त्यानं डोळे पुसले, गाडीतली किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

ओमुरझाकनं किल्ली खिशात टाकली. त्यानं कालमुरातला मिठी मारली.

"मला गाडी नको होती रे," तो म्हणाला. "मुलापेक्षा तुला गाडी जास्त प्यारी आहे का, ते बघायचं होतं. ठरलं! पोर तुमची झाली."

मंडळींनी दुवा मागून चेहऱ्यावरून हात फिरवले. बायका हसल्या, रडल्या, चहाला आधण ठेवायला धावल्या. कालमुरातनं मोकळा श्वास घेतला आणि हसत हसत किल्लीसाठी हात पुढे केला.

ओमुरझाकनं तो हात प्रेमानं दोन्ही हातांत धरला, दाबला आणि सोडून दिला. किल्ली त्याच्या खिशातच राहिली.

"परत कशी करू, व्याही?" तो म्हणाला. "चारचौघांत एवढ्या मनानं दिलीत. परत केली तर तुमचा केवढा अपमान होईल! पण तुम्ही काळजी करू नका. उद्या तुम्हाला घरी मीच सोडतो. गाडी आता अजिबात तापत नाही."