अध्यक्षांचा पूर्ण विश्वास

मिलाग्रोसने पेपराची घडी घातली, अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि खुर्चीवर चढून खिडकीचा पडदा काढायला सुरुवात केली.

"काय झालं?" फर्मीनने विचारलं.

"अध्यक्षांनी तुझ्यावर पूर्ण विश्वास व्यक्त केलाय," ती वरूनच म्हणाली. "फोटोसकट छापलंय."

फर्मीनच्या हातातला टोमॅटो लावलेला पाव बशीत पडला, तोही टोमॅटोच्या बाजूने.

आमच्याकडे फुटबॉल क्लबचा अध्यक्ष प्रशिक्षकाला जाहीर शिव्या घालत असेल, तर काळजीचं कारण नसतं. घरचा मामला म्हणून लोक सोडून देतात. पण त्याने एकदा का "पूर्ण विश्वास" म्हटलं, की प्रशिक्षक पुढच्याच पराभवानंतर सामानासकट बसस्टँडवर दिसतो. फर्मीन आरिसालेता खेळत होता तेव्हा पहिल्या श्रेणीतला नावाजलेला बचावपटू होता. समोरून येणाऱ्याची पाचावर धारण बसायची. प्रशिक्षक झाल्यापासून मात्र त्याला ज्या ज्या क्लबने काढलं, त्या प्रत्येकाने आधी विश्वास दाखवला होता. दरवेळी नवं गाव, नवं घर. इथे विलाल्मेनात आल्यावर मिलाग्रोसने पहिल्यांदाच स्वतः मापं घेऊन पडदे शिवले होते आणि बजावलं होतं, "हे दुसऱ्या कुठल्याही खिडकीला बसणार नाहीत, लक्षात ठेव." फर्मीनने ते लक्षात ठेवलं होतं. संघ तरीही ओळीने हरत होता.

तो खाली किरीनोच्या बारमध्ये गेला. किरीनो एरवी त्याला पाहिलं की बदली खेळाडूंवरून वाद उकरून काढायचा. आज त्याने न मागता कॉफी आणली, सोबत बोकेरोनेस, म्हणजे तळलेले छोटे मासे, ठेवले आणि पैसे घेईना.

"राहू दे की. चांगला माणूस होतास."

"होतास? अरे, मी इथेच बसलोय."

"हो, हो. बस ना. घाई थोडीच आहे," किरीनो म्हणाला आणि डोळे पुसायला आत गेला.

फर्मीन घरी परतला तर घरमालकीण एका नवपरिणीत जोडप्याला स्वयंपाकघर दाखवत होती. "हे आहेत अजून," ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पण अडचण नाही व्हायची." दुपारी सरावाला तर कहरच झाला. आजवर एका सूचनेवर सतरा फाटे फोडणारे खेळाडू मुकाट ऐकत होते. कर्णधाराने त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही. अशा प्रेमाने माणूस जिवंतपणी गार पडतो. फर्मीन तसाच निघाला आणि अध्यक्षांच्या कारखान्यात गेला.

अध्यक्ष डॉन लेओन्सियो रक्ताचे सॉसेज बनवायचे. मनाने इतके हळवे, की डुकरांना कापायला आणताना ते स्वतः बाहेर जाऊन उभे राहत.

"डॉन लेओन्सियो, तो विश्वास तेवढा मागे घ्या."

"अहो, का? मी मनापासून बोललो. खरंच आहे माझा तुमच्यावर विश्वास."

"असेल. पण बोललात कशाला? घरात पडदे उतरलेत माझ्या."

"मग आता काय करू?"

"मला शिव्या घाला. रेडिओवर, सगळ्या गावादेखत. म्हणा, हा माणूस गाढव आहे."

डॉन लेओन्सियोंचा चेहरा पडला. "माझ्याच्याने नाही होणार हो."

"माझ्यासाठी एवढं करा. बायकोचा चेहरा बघवत नाही मला. आणि मी सांगितलंय हे कुणाला कळू देऊ नका, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

डॉन लेओन्सियोंनी शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी पाळला. सुरुवातीला चाचरत होते, मग जमत गेलं. फर्मीन गाढव आहे, म्हणाले. त्याला डावं-उजवं कळत नाही, म्हणाले. आमची आजी व्हीलचेअरवरून संघ बरा चालवेल, असंही म्हणाले. हे फर्मीनने सांगितलेलं नव्हतं. पण अर्ध्या तासात गावाचा रंग पालटला. किरीनोने कॉफीचे पैसे मागितले आणि वर विचारलं, "त्या लंगड्याला अजून किती दिवस खेळवणार आहेस?" घरमालकिणीने नवपरिणीत जोडप्याला वाटेला लावलं. मिलाग्रोसने पडदे पुन्हा चढवले. किती दिवसांनी ती गुणगुणत होती, आणि ते ऐकून फर्मीनला गलबलून आलं.

रविवारचा सामना पहिल्या क्रमांकाच्या संघाशी होता. खेळाडूंना आपला प्रशिक्षक गाढव ठरवला गेल्याचा भलताच राग आला होता. ते असे धावले, की त्यांना धावता येतं हे फर्मीनलाही तेव्हाच कळलं. तो लंगडा म्हणवला जाणारा आघाडीवीर दोन गोल करून बसला. विलाल्मेना चार-शून्यने जिंकलं.

शिट्टी वाजली तशी प्रेक्षकांनी अध्यक्षांच्या कक्षाकडे तोंडं वळवली. "आता गाढव कोण?" एकाने विचारलं आणि सगळं मैदान तेच विचारू लागलं. मग पांढरे रुमाल निघाले. आधी दोन-चार, मग शेकड्यांनी. ज्याच्या दिशेने रुमाल हलतात त्याची खुर्ची राहत नाही. डॉन लेओन्सियो वर एकटे उभे होते. खरं काय ते एका वाक्यात सांगून सुटले असते, पण दिलेला शब्द त्यांना मोडवेना.

फर्मीनला भडभडून आलं. आपली फजिती झाली तर होऊ दे, सगळं सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात रेडिओवाल्याने माइक पुढे केला.

"लोक अध्यक्षांचा राजीनामा मागतायत. तुमचं काय म्हणणं?"

फर्मीनने माइक हातात घेतला. जे सर्वात आधी तोंडाशी आलं ते तो बोलून गेला.

"डॉन लेओन्सियोंवर माझा पूर्ण विश्वास आहे."

अर्ध्यावरच त्याच्या ध्यानात आलं, पण वाक्य गेलं होतं. मैदानातल्या कर्ण्यांवरून ते सगळ्यांनी ऐकलं. कक्षात डॉन लेओन्सियोंनी गळ्यातला क्लबचा मफलर काढला आणि नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला. त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला.

नव्या अध्यक्षाने पहिलं काम केलं ते म्हणजे स्वतःच्या मेव्हण्याला प्रशिक्षक नेमलं. नवा अध्यक्ष आपला माणूस आणतोच, त्यात फर्मीनवर राग असा काही नव्हता.

फर्मीन घरी आला तेव्हा मिलाग्रोस खुर्चीवरच उभी होती.

"मी मनापासून म्हटलं गं," तो म्हणाला.

"त्यांनीही मनापासूनच म्हटलं होतं," मिलाग्रोस म्हणाली आणि शेवटचा पडदा त्याच्या हातात दिला.

सामान बांधून झालं त्या सकाळी दारात कारखान्याची व्हॅन येऊन थांबली. डॉन लेओन्सियो स्वतः चालवत आले होते. त्यांनी सॉसेजचं एक पुडकं मिलाग्रोसच्या हाती दिलं, कपाट उतरवायला खांदा दिला, गाद्या दोरीने बांधल्या. सगळं भरून झाल्यावर त्यांनी फर्मीनचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"फर्मीन, कुणी काहीही म्हणो, माझा अजूनही तुमच्यावर..."

मिलाग्रोस पडद्यांचं गाठोडं टाकून धावत मध्ये आली.

"नका हो, डॉन लेओन्सियो," ती म्हणाली. "अजून पुढची नोकरी मिळायचीय त्याला."