कार्ट्याची संमती

माणसाचा वेग जसजसा कमी होतो, तसतसे त्याच्यासाठी नियम वाढत जातात. पंचवीस वर्षांचा गडी मोटरसायकल घेऊन हायवेवर ऐंशीनं सुटतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. सत्तर वर्षांचा माणूस संडासाकडे निघाला की चार तोंडांतून एकदम येतं, "सांभाळून." हा सृष्टीचा कायदा आहे आणि आमच्या वसाहतीत तो अगदी चोख पाळला जातो.

आमची वसाहत म्हणजे सुखछाया. हायवेवरच्या जाम गावापासून समुद्रपूरच्या रस्त्यावर दीड किलोमीटर, जिथं आधी कपाशी व्हायची तिथं आता म्हातारे आहेत. घरं बेचाळीस, माणसं एकसष्ट, गुडघे एकशेबावीस (त्यातले चालू स्थितीत एकतीस). नागपूरच्या बिल्डरनं छापलेल्या रंगीत पुस्तकात हिरवंगार मैदान होतं, त्यावर पांढऱ्या पँटीतला एक गोरा म्हातारा काठीनं चेंडू मारत होता आणि मागं एक झालरीची गाडी उभी होती. इथं आलो तेव्हा मैदान नव्हतं, चेंडू नव्हता. काठ्या आमच्या आम्ही आणल्या होत्या. गाडी मात्र खरंच मिळाली. बिल्डर शब्दाचा पक्का माणूस.

तिचं नाव गोल्फ कार्ट. आता मराठी बाईच्या तोंडात कार्ट हा शब्द किती वेळ सरळ राहणार? आठ दिवसांत तिचं कार्टं झालं. "कार्टं आलं का?" "कार्टं कुठं उलथलं?" असं दिवसभर चालायचं. आपापल्या कार्ट्यांनी आम्हाला इथं आणून सोडलं होतं आणि फिरवायला हे एक ठेवलं होतं. हे बरं होतं. बोलावलं की यायचं.

बिल्डरनं दिलेला ड्रायव्हर तिसऱ्या महिन्यात हायवेवरच्या ढाब्यावर कामाला लागला. तेव्हापासून आम्हीच आळीपाळीनं गाडी चालवायचो. कंपनीच्या कागदावर वेग वीसचा. प्रत्यक्षात बाजाराला निघालेली एक बैलगाडी तिच्या पुढं निघून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बैल घाईत नव्हते.

आमचे यजमान नानाजी. समुद्रपूरला चाळीस वर्षं त्यांनी कापडाच्या दुकानाच्या गादीवर बसून काढली. दोन हजार सहा साली अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय राहिला. त्यांना दिवसात एकच काम उरलं होतं. संध्याकाळी वसाहतीच्या फाटकाशी जाऊन बाकावर बसायचं. समुद्रपूरहून येणारी साडेपाचची एसटी तिथं थांबते. खिडकीतून कोणी ना कोणी आपल्या गल्लीतला निघतो, दोन मिनिटांत गावची खबर सांगतो, बस निघते, नानाजी परत येतात आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत जिवंत राहतात. घरापासून फाटक सहाशे पावलं आहे. त्यांची हद्द चाळीस. उरलेली पाचशेसाठ पावलं कार्ट्याची.

इतकं साधं काम सुरक्षित झाल्याशिवाय चालू देणं बरं नव्हे, हे सगळ्यात आधी पुंडलिकरावांच्या ध्यानात आलं. ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात तीन पेन असतात (एक लाल). त्यांनी सुरक्षा समिती काढली आणि बावीस नियम केले. सगळे चांगले होते. सातवा मात्र विशेष. गाडीचा भोंगा बिघडला होता, म्हणून चालवणाऱ्यानं निघण्याआधी मोठ्यानं दिशा सांगावी: पुढं न्यायची असेल तर "जातो", मागं घ्यायची असेल तर "येतो".

नियम कागदावर बिनचूक होता. पण साठीपलीकडच्या माणसानं, पाच माणसांसमोर, सांजवेळी "जातो" म्हणावं? आपल्यात बाजारात निघालेला धडधाकट माणूससुद्धा "येतो" म्हणतो. आमच्या वसाहतीत तर "जातो" या शब्दाला एकच अर्थ आहे आणि त्यासाठी गाडी लागत नाही, चार माणसं पुरतात. तेव्हा सगळेच "येतो" म्हणायचे. पुढं जाताना येतो, मागं येताना येतो. समितीच्या वहीत लिहिलं गेलं, "नियम सात: पालन शंभर टक्के."

चैत्रात आमच्या शेजारचे अण्णाजी गाडीवर बसले आणि "येतो" म्हणाले. गाडीच्या मागं रुख्माबाई कुरड्यांचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या समितीच्या सभासद, नियम पाठ. येतो म्हणजे गाडी मागं येणार, असं जाणून त्या चपळाईनं गाडीच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. अण्णाजी पुढं निघाले.

नुकसान असं: कुरड्या चाळीस, तुळशीची कुंडी एक, अण्णाजींच्या चष्म्याची एक काडी. रुख्माबाईंना काही झालं नाही. त्या बसत्या झाल्या, तेही शिस्तीत.

"अण्णाजी, तुम्ही येतो म्हणाले ना जी!"

"मंग काय जातो म्हणू? तुमच्या तोंडात साखर पडो, बाई!"

समितीनं वर्षभराचे अपघात मोजले. एकूण तेवीस. न्हाणीघरात पाय घसरून चौदा, लोणच्याची बरणी काढताना स्टुलावरून तीन, सुनेचा फोन ठेवल्यावर चक्कर येऊन पाच, कार्टं एक. आकडे स्पष्ट होते. न्हाणीघरं बंद करण्याच्या ठरावाला बहुमत मिळालं नाही, म्हणून गाडीला कुलूप लागलं.

मी पुंडलिकरावांकडे गेले. म्हटलं, "भाऊजी, ह्यायले फाटकावर न्यायचं कसं?"

"वैनी, सुरक्षा आधी."

"मंग मी चालवतो. मले शिकवा."

त्यांनी शिकवलं नाही, परीक्षा ठेवली. नऊ जण बसलो. डोळ्यांसाठी वीस पावलांवरून कॅलेंडरवरची चतुर्थी ओळखायची. कानांसाठी पुंडलिकराव पाठीमागून हळूच "चहा झाला" म्हणायचे, जो वळेल तो पास (नऊही पास). हातांसाठी दोन बादल्यांमधून गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची. मी सहासष्ट वर्षांची, चौथी पास, आयुष्यात सायकल धरलेली नाही. माझ्यानं एकच बादली पडली आणि ती रिकामी होती. पहिला नंबर आला. किल्ली मागितली तर पुंडलिकराव म्हणाले, आता फक्त संमतीपत्र.

चुकीचा जन्म इथं झाला, पण तिला चूक म्हणणं मला पटत नाही. गाडीत बसणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर बसतो असं लिहून द्यायचं, त्या कागदाचं नाव "कार्ट-संमतीपत्र". कागद जामला टाईप करायला दिला. टाईप करणारा मराठीचा जाणता होता. "कार्ट-संमती" हे काही शुद्ध दिसेना, तेव्हा त्यानं "कार्ट्याची संमती" असं सुधारून दिलं आणि त्याला जुळावं म्हणून खालच्या मजकुरात बसणाऱ्यांचे पालक केले. कागद परत आला तेव्हा त्यात लिहिलं होतं, "कार्ट्याची लेखी संमती असल्याशिवाय पालकांना गाडी देऊ नये." हेडक्लार्क माणूस छापलेल्या अक्षराशी भांडत नाही. बेचाळीस कागद पुणे, नागपूर, बडोदा, अमेरिका असे सगळ्या कार्ट्यांना रवाना झाले.

लहानपणी त्यांच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही सही करायचो. आता आमच्यावर त्यांची. हिशेबानं बरोबर आहे.

कागदात दोन ओळी होत्या. एक, पालकांनी गाडी चालवावी. दोन, पालकांनी गाडी चालवू नये. खाली कंसात, नको ते खोडा.

महिन्याभरात निकाल लागला. तीन मुलांनी दोन्ही ओळी खोडल्या. दोघांनी पहिली खोडली. सहा कागद आलेच नाहीत, एक "मालक घर सोडून गेले" असा शेरा घेऊन आला. बडोद्याच्या मुलानं ओळी तशाच ठेवल्या आणि वर बापाचं नाव होतं, किसनराव, त्यावरून रेघ ओढली. किसनरावांनी कागद उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "पेन चालून राह्यला का ते पाहत असन लेकरू." मग घडी करून खिशात ठेवला.

उरलेल्या एकोणतीस जणांनी काहीच खोडलं नाही. नुसती सही, सुरेख, लगेच परत. आमचा प्रफुल त्यातच. तो पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे.

समिती दोन दिवस बसली. एकोणतीस सुशिक्षित माणसांनी सही करून सांगितलं होतं, की आमच्या आईबापांनी गाडी चालवावी आणि चालवू नये. दोन्ही इच्छांचा मान राखणं भाग होतं. तेव्हा ठरलं, की पाच ते सहा या वेळात गाडी शेडमध्ये उभी ठेवून चालवावी. बॅटरीची वायर काढलेली असेल. स्टिअरिंग फिरवण्यास मुभा आहे.

आम्ही तेही केलं. मी चालवायची, नानाजी बाजूला बसायचे. फाटकाकडे तोंड, मध्ये शेडची भिंत. साडेपाचला एसटीचा हॉर्न ऐकू यायचा, थांबलेली बस निघाल्याचाही आवाज यायचा. अपघात शून्य. चौथ्या दिवशी नानाजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अव, फाटक अजून किती दूर हाये?"

मी स्टिअरिंग सोडलं, घरी आले आणि पुण्याला फोन लावला.

"प्रफुल, तो कागद वाचला होता का रे?"

"हो आई, लगेच सही करून दिली ना. कुरियरनं पाठवला."

"काय होतं त्याच्यात?"

"ते... गाडीचं होतं काहीतरी. इन्शुरन्स वगैरे."

"खोडलं काऊन नाई?"

"काय खोडायचं होतं?"

"नको ते."

"आई, मी मीटिंगमध्ये आहे गं. दिवाळीला येतो."

(दिशा सांगितली नाही.)

मी चौथी पास आहे, म्हणून अक्षर लावून वाचते. भरभर वाचता येत नाही, तेव्हा काही सुटत नाही. तो कागद मी चार वेळा वाचला होता. प्रफुलच्या सहीचा आमचा कागद पुंडलिकरावांसमोर धरला. "भाऊजी, नको ते खोडा असं छापलं हाये. कोणी खोडा, हे कुठं छापलं हाये ते दाखवा."

त्यांनी वरून खाली वाचला, खालून वर वाचला, मागची कोरी बाजूही पाहिली. "नाई छापलं, वैनी."

"सही झाली हाये ना?"

"हो, सही झाली हाये."

"मंग तो लाल पेन द्या इकडं."

दुसरी ओळ मी पट्टी लावून खोडली. घरात काय नको ते ठरवायचं काम पन्नास वर्षं माझ्याकडेच आहे. पुंडलिकरावांनी वायर स्वतःच्या हातानं जोडली. नियमानं बांधलेला माणूस नियमानं सुटतोही. संध्याकाळपर्यंत उरलेले अठ्ठावीस कागद खोडून झाले आणि लाल पेन संपला. किसनरावांचा कागद समितीनं वेगळा निकाली काढला: कागदावर ज्याचं नावच नाही, त्याला कोणताही नियम लागू नाही. ते आता मन मानेल तेव्हा गाडी नेतात.

त्या दिवशी साडेपाचला नानाजी बाकावर होते. एसटी थांबली. कंडक्टरनं दारातून मान काढली. "नानाजी! कुठं होते जी इतके दिवस? आम्हाले वाटलं..."

"गाडीतच होतो," नानाजी म्हणाले. "ट्रॅफिक होता."

मग खिडकीतून बापूराव गुळवाले निघाले आणि कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, ते सांगत बसले. बस चार मिनिटं उशिरा सुटली. घरी येऊन नानाजींनी एक पोळी जास्त खाल्ली.

या सगळ्यातून सुशिक्षित माणसाच्या सहीबद्दल माझा आदर फार वाढला. म्हणून समितीत मीही एक ठराव मांडला, तो एकमतानं पास झाला. त्याचा कागद जामच्या त्याच माणसाकडून टाईप करून घेतला आणि गेल्या महिन्यात सगळीकडे पाठवला. त्यात लिहिलं आहे, की दरवर्षी वैशाखाचा महिना पाल्यानं सुखछायेत आईबापाच्या घरी राहावं, रात्री साडेसातला जेवून नऊला दिवा मालवावा, सुरक्षा समितीचे बावीसही नियम पाळावे, आणि तेवढा महिना आईबाप पाल्याच्या घरी जाऊन राहतील, तिथली किल्ली त्यांच्याकडे राहील. नको ते खोडा, हेही छापलं आहे.

आतापर्यंत चौतीस कागद आले. कोणी काहीच खोडलं नाही.

तुमचा परवाच मिळाला. सही वळणदार आहे. वैशाखात येताना अंथरूण-पांघरूण सोबत आणा, समिती देत नाही.